आमची वाटचाल : परवाना मिळाला, पण खाते मिळेना

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये कौल दिल्यानंतर १ जानेवारी २०१४ पासून या राज्यात प्रौढांना गांजाची किरकोळ विक्री कायदेशीर झाली, आणि त्यानंतर काही काळाने आम्ही पती-पत्नींनी डेन्व्हरमध्ये आमचे छोटे दुकान सुरू केले. राज्याचा आणि शहराचा परवाना, जागोजागी कॅमेरे, रोपापासून विक्रीपर्यंत प्रत्येक मालाची सरकारी संगणकप्रणालीत नोंद, हे सर्व आम्ही रीतसर पार पाडले. मात्र व्यवसायाच्या नावाने उघडलेले खाते बँकेने काही महिन्यांतच एका पत्रानिशी बंद केले.

कारण केंद्रीय कायद्यात होते. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजा हेरॉइनसोबत पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या यादीत, बसवलेला असल्यामुळे, राज्याच्या दृष्टीने सचोटीचा असलेला आमचा गल्ला केंद्राच्या दृष्टीने गुन्ह्यातला पैसा ठरत होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये अर्थखात्याने अशी खाती चालवण्याची वाट काढून दिली खरी. पण ग्राहकाने एकही नियम मोडला नसला तरी त्याच्याविषयी संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वेळोवेळी पाठवत राहण्याचे बंधन बँकेवर आले. एवढा उपद्व्याप कोणती मोठी बँक अंगावर घेणार?

त्यामुळे पगार पाकिटातून आणि विक्रीकर रोखीने भरणे ओघानेच आले. जागेच्या मालकांना रोख रक्कम नको असे, म्हणून मनी ऑर्डर काढाव्या लागत, आणि खिडकीवरचा कर्मचारी नोटांचे बंडल हातात घेताच वासावरून सारे ओळखून आमच्याकडे पाही. पुढे आम्ही तिजोरी मालाच्या खोलीतून हलवली, तरी नोटांचा वास पुरता गेला नाही.

अखेर एका स्थानिक क्रेडिट युनियनने, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या पतपेढीने, आम्हाला खाते उघडून दिले. दरमहा शुल्क साध्या दुकानाच्या कितीतरी पट आहे आणि प्रत्येक भरणा विक्रीच्या नोंदींशी जुळवून द्यावा लागतो. पण चेकने पगार देता येतो, याचे मोल आम्हीच जाणतो. ग्राहकांची क्रेडिट कार्डे मात्र आजही चालत नाहीत.

आमच्यासारख्या स्थलांतरितांना आणखी एक काळजी असते. या व्यवसायातली नोकरी नागरिकत्वाच्या अर्जाला बाधू शकते, असे नागरिकत्व विभागाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. आम्ही दोघे नागरिक झाल्यावरच यात उतरलो. ग्रीन कार्डावरच्या ओळखीच्या मुलांनी काम मागितले, तर आम्ही त्यांना नाहीच म्हणतो.

अशी खाती चालवणाऱ्या बँकांना संरक्षण देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने सप्टेंबर २०१९ मध्ये ३२१ विरुद्ध १०३ मतांनी संमत केले आणि त्यानंतरही अनेकदा केले, पण सिनेटमध्ये दरवेळी घोडे अडले. सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटच्या बँकिंग समितीने सुधारित विधेयक पुढे पाठवले, तेही तिथेच रेंगाळले. डिसेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी गांजा कमी कडक अशा तिसऱ्या अनुसूचीत नेण्याच्या कामाला वेग देण्याचा आदेश काढला, तेव्हा आम्हाला अभिनंदनाचे फोन आले. त्या बदलाने करकायद्याच्या २८०-ई कलमातून सुटका होईल, म्हणजे भाडे आणि पगार इतर दुकानांप्रमाणे करपात्र उत्पन्नातून वजा करता येतील, आणि ही सवलत खरोखरच मोठी ठरेल. पण तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थही केंद्रीय परवानगीशिवाय विकणे बेकायदाच असल्याने, बँकांची भीती नुसत्या या बदलाने जाईल असे आम्हाला वाटत नाही. दुसऱ्या दुकानाच्या कर्जासाठी आम्ही त्या विधेयकाचीच वाट पाहत आहोत.