कडक की मऊ?

शर्टाचं माप घेऊन झालं आणि शिंप्यानं विचारलं, "कॉलरला बक्रम कडक घालू की मऊ?" बक्रम म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते जाड कापड. माझा हात आपसूक कानामागे गेला. तिथे एक बारीक व्रण आहे.

तिसरीतलं गॅदरिंग. मी जटायू. आईनं बक्रम पाण्यात बुडवून पिळला, उपड्या पातेल्यावर ताणून बसवला आणि कडेनं सुतळी करकचून बांधली. बक्रमातली खळ भिजली की तो फडक्यासारखा मऊ होतो, वाळला की पातेल्याचा आकार धरून बसतो. माझं डोकं दीड लिटरच्या पातेल्याएवढं आहे हे घरात सगळ्यांना तेव्हा कळलं. चोच मात्र चार वेळा बिघडली. शेवटी जी जमली ती पोपटाची वाटत होती.

पंखही बक्रमाचेच, त्यांना तार हवी. हार्डवेअरवाला म्हणाला, "किती गेजची?" आकडा वाढला की तार बारीक होते, हे गणित मला आजही पटलेलं नाही. सोळा नंबर आईच्या हातानं वळेना, बावीसची लगेच मान टाकी. अठरावर तडजोड झाली. ती पंखाच्या काठावर धरून आई काजाचा टाका घालत गेली, जवळजवळ, तार दिसेनाशी होईपर्यंत. टोकं पकडीनं आत वळवायचं काम बाबांकडे होतं. त्यांनी तीन वळवली. चौथं माझ्या कानामागे निघालं.

तेव्हापासून राखी असो, वेणी असो, कागदी फुलांचं तोरण असो, मी आधी तारेचं टोक चाचपतो. बायको वैतागते.

गॅदरिंग उघड्या मैदानावर, डिसेंबरात. आमचा प्रवेश येईपर्यंत दव पडलं होतं. सीतेनं हाक मारली, मी झेप घेतली आणि उजवा पंख तारेसकट खाली लोंबला. रावण तलवार उपसत कुजबुजला, "अरे थांब, मी अजून मारलंच नाही!" पुढच्या रांगेत आई पदर तोंडाला लावून हसत होती. रडत असेल कदाचित. मी कधी विचारलं नाही.

"साहेब, कॉलर?" शिंपी टेप गळ्यात टाकून थांबला होता. हल्लीचा बक्रम इस्त्रीनं चिकटतो म्हणे. चार धुण्यांत त्याला फुगे येतात, ते वेगळंच.

"घाला तुम्हाला वाटेल तो," म्हटलं. त्यानं वहीत काहीतरी खरडलं.