फोन कधी आला?

फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी मुली पोहे खात होत्या, तेव्हा मला, म्हणजे त्यांच्या कोचला, फोन आला. अर्जावर माझाच नंबर होता. आमच्या बास्केटबॉल संघाच्या पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या मुलीला, नोकरीच्या ट्रायलसाठी सोमवारी सकाळी मुंबईत बोलावलं होतं. फायनल रविवारी संध्याकाळी, पुण्यात. मी तिला काहीच सांगितलं नाही.

आपल्याकडे मुलींच्या बास्केटबॉलमध्ये पोट भरतं ते खेळाडू कोट्यातल्या नोकरीवर, बहुतेकदा रेल्वेच्या. घोटा मुरगळला की ट्रायल गेली. सांगितलं असतं, तर ती जपून खेळली असती. मोसमाच्या सुरुवातीला सपाटून हरलो, तेव्हा मी मुलींना अमेरिकेतल्या लास वेगास एसेस या व्यावसायिक महिला संघाची गोष्ट सांगितली होती: ऑगस्ट २०२५मध्ये ५३ गुणांनी हरले, मग कोच बेकी हॅमनच्या त्याच संघाने साखळीतले उरलेले सोळाच्या सोळा सामने मारले, वर विजेतेपदही. आम्हीही नंतर हरलो नाही. पण हॅमनच्या मुलींना खेळण्याचाच पगार मिळतो, हे मी गाळलं होतं.

मैदान उघड्यावरचं, सिमेंटचं. खेळ थांबला की मुली तळहाताने बुटांची धूळ पुसायच्या. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ, एकाच बाजूचा चालू. दुसरीकडे एक पोरगा सेकंद ओरडून सांगत होता. सत्काराच्या शालींना मात्र कमी नव्हती.

एक गुण मागे, ३८ सेकंद. बॉल आमच्या बास्केटखाली. शेवटच्या दोन मिनिटांत अशा वेळी टाइमआउट घेतला की थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकणं, पुढच्या, हल्ल्याच्या अर्ध्या कोर्टातून घेता येतो. तेवढ्यासाठी एक राखून ठेवला होता. बोर्डावर पॉइंट गार्डसाठी दोन स्क्रीन काढले, म्हणजे तिच्या मागावरच्या खेळाडूची वाट अडवायला आमच्या मुली कुठे उभ्या राहतील ते. दुसऱ्या स्क्रीनवरून ती सुटली, दोघी अंगावर आल्या, तिने कोपऱ्यात पास दिला. शॉट हुकला. रिंगवरून उडालेल्या बॉलवर तिने सिमेंटवर झेप घेतली आणि पडल्या पडल्या तो आमच्या सेंटर खेळाडूकडे ढकलला. बास्केट झाल्याचं मला आरडाओरड्यावरून कळलं. मी तिच्या गुडघ्याकडे बघत होते. तो सोलवटला होता, बाकी ती धडधाकट उठली.

जेवण झाल्यावर सांगितलं. नोकरी तिला लागली, त्यामुळे माझ्या घरचे म्हणतात, आता कशाला उगाळतेस.

त्या रात्री, मध्यरात्रीच्या शिवनेरीच्या पायरीवर, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलेली ती मागे वळली.

"ताई, फोन कधी आला होता?"

"मघाशीच. मॅच संपल्यावर."

"बरं," म्हणाली, आणि आत गेली.