सहा पौंडांचं ब्लँकेट

परवा इथे इंग्लंडात, हॅलिफॅक्सच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, हाताने विणलेलं, डबल बेडला पुरेल एवढं क्रोशाचं ब्लँकेट बघितलं. किंमत सहा पौंड. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाहीये, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आता सहा पौंड म्हणजे सातशेच्या आसपास रुपये, असं गणित तिकडे भारतात कोणी करेल, पण इथल्या हिशोबात सहा पौंड म्हणजे फार तर एक कॉफी आणि बरोबर केकचा तुकडा. शेजारी हँगरला एका ब्रँडचं फ्लीसचं ब्लँकेट लटकत होतं, मशीनचं, चीनमध्ये बनलेलं, थोडे गोळे आलेलं, त्याला आठ पौंड! का, तर त्याला लेबल होतं.

मी ते क्रोशाचं काढून आधी उलटं करून बघितलं. क्रोशे करणाऱ्या कुठल्याही बाईच्या हातात काम दिलं तर ती उलटी बाजूच आधी बघेल, सगळं तिथेच कळतं. टोकं इतकी नीट लपवलेली की शोधावी लागत होती, एकेक टोक या दिशेला, मग त्या दिशेला, मग परत उलटं ओवलेलं, धुऊन धुऊनही एक सुटलं नव्हतं. चौकोनांचं काम, म्हणजे मधे दोन रंगीत फेऱ्या आणि बाहेर क्रीम रंगाची फेरी, सगळे चौकोन क्रीमनेच जोडलेले. आणि एका बाजूच्या शेवटच्या ओळीतलं क्रीम बाकीच्यापेक्षा किंचित पिवळट होतं. म्हणजे लोकर संपली, बाई परत दुकानात गेली, तर रंगाचा लॉट बदललेला. ज्यांनी विणलंय त्यांना माहीत आहे हे किती जिव्हारी लागतं, दुकानात दोन गुंडे शेजारी धरले की एकच रंग वाटतो आणि विणल्यावर लांबून फरक दिसतो. तिने काय केलं, तर ते पिवळट चौकोन कुठेही मधे न घालता सगळे पायाकडच्या ओळीत एकत्र लावले, म्हणजे गादीखाली खोचले की दिसायला नकोत. एवढा विचार करून केलेली वस्तू आणि तिच्या कोपऱ्यात सेफ्टी पिनने सहाचं तिकीट टोचलेलं, तेही खांबाच्या, म्हणजे क्रोशाच्या उभ्या टाक्याच्या, आरपार!

घेतलं अर्थातच. काउंटरवरच्या बाई स्वयंसेवक होत्या, वयस्कर, छान बोलल्या, म्हणाल्या की अशी ब्लँकेटं खूप येतात, कोणी वारलं की मुलं घर रिकामं करतात आणि गाडी भरून सामान आणून ठेवतात. त्यांच्यावर माझा राग नाही, शॉप चांगल्या कामासाठीच पैसे गोळा करतं. माझा राग त्या आकड्यावर आहे.

जरा हिशोब करू. एवढ्या आकाराला साधारण दोन किलो लोकर लागते. इथे बहुतेक जणी वापरतात ती ॲक्रिलिक डीके, म्हणजे मध्यम जाडीची कृत्रिम लोकर, १०० ग्रॅमच्या गुंड्यात २९५ मीटर येते, म्हणजे वीस गुंडे, जवळजवळ सहा किलोमीटर धागा त्या बाईच्या बोटांवरून गेलाय. अडीच पौंडाच्या आसपास गुंडा धरला तर नुसती लोकरच पन्नास पौंडांची. वेळ म्हणाल तर हात बसलेल्या बाईलाही शंभर तास तरी हवेत. इथला किमान पगार २०२५ च्या एप्रिलमध्ये ताशी १२.२१ पौंड झाला. तोच धरला तरी बाराशे पौंडांच्या वर जातं, आणि यात रंग निवडायची अक्कल, जोडणी, शेवटची कड, काही धरलेलंच नाही.

आणि कृपा करून कोणी "मशीनवर होतं ना हल्ली" म्हणू नका. दोन सुयांचं विणकाम मशीनवर होतं, बाजारातले बहुतेक स्वेटर तसलेच. क्रोशाचं तसं नाही. क्रोशासारखं दिसणारं जाळीदार कापड मशीनवर निघतं, पण खरी साखळी, मुका खांब (आखूड टाका), खांब हे क्रोशाचे टाके कारखान्यातलं मशीन घालत नाही, ते हातात सुई धरूनच घालावे लागतात. म्हणजे उन्हाळ्यात इथल्या मोठ्या दुकानांत पंधरा-वीस पौंडांना क्रोशाचे टॉप आणि पिशव्या येतात ना, त्यातला खरा क्रोशा असलेला प्रत्येक तुकडा कुठल्यातरी बाईने बसून हाताने केलेला असतो. त्या बाईला त्यातले किती मिळाले असतील याचा विचार केला की मला तो टॉप हातात धरवत नाही.

यात आपणही आहोतच. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आजही हजारो बायका घरी बसून ते काम करतात, माल परदेशात जातो. २०२४ मध्ये त्या लेसला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं, मला फार आनंद झाला होता. पण काम अजून नगावर, मधे दलाल, आणि घरच्यांच्या लेखी ती "घरीच असते, फावल्या वेळात करते". फावला वेळ हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. ज्या वेळात बाई कामच करते तो फावला कसा? आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकात बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा ननांनी शिकवलेल्या क्रोशाच्या लेसवर कितीतरी घरांची चूल पेटत राहिली, तेव्हा कोणी त्याला फावला वेळ म्हटलं नसणार.

आणि हे सगळं मी कुठे बसून लिहितेय, तर वेस्ट यॉर्कशायरमध्ये. लोकरीचा आणि कापडाचा मुलूखच हा. हॅलिफॅक्समध्ये पीस हॉल म्हणून १७७९ साली उघडलेला भलामोठा दगडी चौक आहे, चारी बाजूंनी तीनशेच्या वर खोल्या, आणि त्या खोल्यांमधून आसपासच्या डोंगरांतले विणकर घरच्या मागावर विणलेले कापडाचे तागे आणून विकायचे. आता तिथे कॅफे आहेत, छान दुकानं आहेत, आणि तिथून चालत पाच मिनिटांवर हाताने विणलेलं ब्लँकेट सहा पौंडांना. मेंढ्या मात्र डोंगरावर अजून चरताना दिसतात. त्यांच्या लोकरीचा भाव गेल्या काही वर्षांत इतका पडला की अनेकदा कातरणाऱ्याची मजुरीही सुटली नाही, काही शेतकऱ्यांनी ती सरळ जाळली नाहीतर खतात घातली. आपल्याकडे डेक्कनी मेंढीच्या लोकरीचं तेच झालंय. विठोबाच्या खांद्यावर घोंगडं आहे म्हणून आपण ओव्या म्हणायच्या आणि विणणाऱ्या घरातली पोरं पुण्या-मुंबईत सिक्युरिटीची नोकरी शोधणार, हेही काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

पण तरी एक सांगते, आपल्या घरातून गोधडी अशी बाहेर जात नाही. आमच्या साताऱ्याच्या घरी आजीच्या लुगड्यांची गोधडी आहे, ती विरली की वर दुसऱ्या साडीचं पान घालून परत टाके घालायचे, ते विरलं की तिसरं. शेवटी तिची पायपुसणी होतील, पण सहा पौंडांचं तिकीट नाही लागणार. आता कोणी म्हणेल की तुमच्याकडे तरी क्रोशाची काय किंमत, टीव्हीवर रुमाल आणि दाराला तोरण यापलीकडे गेलात का कधी? बरोबर आहे, ब्लँकेट विणायची आपल्याला गरजच नव्हती, साताऱ्याच्या थंडीला गोधडी पुरायची. पण शोभेच्या वस्तूला एवढे कष्ट घेणारी बाई कमी कशी ठरते? ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं, इंडियात थंडी नाही तर तुम्ही क्रोशे कशाला शिकता? त्याला मी चेन्नईचं सांगितलं. मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स नावाचा बायकांचा गट आहे, त्यांनी २०१६ मध्ये चेन्नईत ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीज रेकॉर्ड केलं. चेन्नईत! जिथे स्वेटरसुद्धा लागत नाही. त्याने लगेच फोनवर शोधून बघितलं आणि मग जरा वेळ काही बोलला नाही.

इथल्या लोकांचं मला जे मनापासून आवडतं तेही लिहिलं पाहिजे. आमच्या लायब्ररीत दर आठवड्याला विणणाऱ्या बायका जमतात (दोन पुरुषही येतात, त्यातले एक निवृत्त बस ड्रायव्हर, त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे). तिथे कोणी रिकामं बसत नाही आणि स्वतःपुरतंही फारसं विणत नाही. कोणी हॉस्पिटलमधल्या वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी टोप्या करतं. कोणी डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हात घालून बसायची लोकरीची नळी विणतं, तिला आतबाहेर बटणं, रिबिनी, मणी शिवतात, म्हणजे अस्वस्थ हातांना चाळा मिळतो. ख्रिसमस आला की गावातल्या लाल पोस्टाच्या पेटीवर रात्रीत लोकरीचं अख्खं दृश्य उगवतं, मेंढरं, तारा, सगळं क्रोशाचं, आणि ते कोणी केलं हे कोणी सांगत नाही. हे आपल्याकडे मी पाहिलेलं नाही. आपलं सगळं घरच्यांसाठी असतं, भाचा, पुतणी, सुनेचं बाळंतपण, अनोळखी माणसासाठी कोणी बसून विणत नाही. पण मग अनोळखी माणसासाठी एवढं करणाऱ्यांच्या घरात आईने विणलेलं ब्लँकेट का ठेवून घेत नाहीत? हा प्रश्न मी तिथे विचारलाही. एक जण म्हणाली की घरं लहान, मुलं दुसऱ्या गावात, कपाटात ठेवून तरी काय करणार. पटलं नाही मला. पुण्यातल्या वन बीएचकेतसुद्धा दिवाणाखाली आजीची गोधडी असतेच की.

भेट म्हणून द्यायचं तर माझा आता एक नियम झालाय, आणि तो कॉस्टबिस्टचा नाही, नियम हा की माणूस वापरणार असेल तरच विणायचं. "किती सुंदर, आम्ही जपून ठेवू" म्हणणाऱ्याला माझ्याकडून कार्ड मिळतं. "सोफ्यावर टाकू, कुत्रा पण झोपेल त्यावर" म्हणणाऱ्याला ब्लँकेट. आमच्या स्वतःच्या घरात दोन आहेत आणि २०२२ च्या हिवाळ्यात गॅस-विजेची बिलं आकाशाला भिडली तेव्हा हीटिंग संध्याकाळी दोनच तास लावून आम्ही त्या ब्लँकेटांच्या आत बसून जेवलोय. ॲक्रिलिकला नाकं मुरडणाऱ्या बायकाही असतात, मला त्याचं काही वाटत नाही, वॉशिंग मशीनमध्ये ३० डिग्रीला टाकलं की झालं, लहान मुलं असलेल्या घरात हाताने धुवायची शुद्ध लोकर भेट देणं म्हणजे त्या आईला काम लावणं. फक्त त्यावर इस्त्री फिरवू नका, ॲक्रिलिक वितळून चपटं होतं आणि ते परत फुगत नाही.

बाळाच्या ब्लँकेटचं मात्र वेगळं आहे. ऑफिसमधल्या एकीला बाळ झालं, मी पिवळं-पांढरं छोटं ब्लँकेट दिलं, आणि तिने फोटो पाठवला तर बाळ त्यावर पालथं, जमिनीवर. माझ्या पोटात गोळा आला, एवढं विणलं ते जमिनीवर अंथरायला? मग तिने सांगितलं की हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीकडे बघणारी नर्स, घरी येऊन बजावून गेली आहे, कॉटमध्ये सैल पांघरूण घालायचं नाही, घातलंच तर खांद्यांच्या खाली आणि घट्ट खोचून, बाळ पाठीवरच झोपवायचं, खोली १६ ते २० डिग्रीच्या मधे. जाळीचं असेल तर बोटं अडकतात ते वेगळंच. मला आधी हे जरा अतिच वाटलं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळं दुपट्यात गुंडाळलेली. पण १९९१ मध्ये इथे बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं, त्यापुढे माझ्या विणकामाचा मान काय घेऊन बसायचा. आणि आपल्याकडे बाळाच्या उशाशी आजी असायची, रात्रभर हात लावून बघणारी. इथे आई एकटी, बाळ एकटं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण वहिनीला सातवा लागलाय. ती बाळंतपणाला माहेरी कराडला जाणार, बारसं साताऱ्याला, आणि आत्या म्हणून बाळंतविड्यात माझं ब्लँकेट असणारच. आईचा फोन आला की पाळण्याचं माप घेऊन ठेवलंय, त्या मापाचं कर. मी म्हटलं, पाळण्यात नाही घालायचं, मांडीवर घेताना आणि बाहेर नेताना. आईला राग आला, म्हणाली तुम्हाला आम्ही कसं वाढवलं मग? दादाने मधे पडून फोन घेतला. वहिनीने रात्री मला वेगळा मेसेज केला की ताई, तुम्ही सांगता तसंच करू, मी आईंना सांगते.

तर आता ठरलंय, ८० बाय ८० सेंटीमीटर, नुसत्या मुक्या खांबांचं, जाळी अजिबात नाही, रंग काळा सोडून कुठलाही चालेल असा निरोप आहे. मार्चमध्ये तिकडे उकाडा सुरू होणार म्हणजे लोकर बाद, कॉटनच हवं. इथलं कॉटन महाग आहे आणि जरा जाड वाटतं मला. तुळशीबागेत नाहीतर साताऱ्यात कोणी बाळाच्या अंगाला लागेल असं मऊ, रंग न जाणारं कॉटन वापरलं असेल तर नाव कळवा, दादा पुढच्या महिन्यात कामासाठी लंडनला येतोय, त्याच्याबरोबर मागवता येईल. लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच बघून घे असं त्याला आत्तापासूनच बजावून ठेवलंय.