आल्टोटिंगची वाट

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या गुरुवारी जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गहून निघायचं, शनिवारी आल्टोटिंगला काळ्या मरियामातेच्या मूर्तीसमोर पोचायचं. अंतर १११ किलोमीटर. ही पायी यात्रा १८३० पासूनची. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तीन दिवसांत वारी? एवढी घाई कसली त्यांना?"

मेंगकोफेनचा मुक्काम झाला, एवढंच आठवतं. त्यानंतरची दुपार मात्र जात नाही डोक्यातून. तापलेली डांबरी सडक, दोन्हीकडे वीतभर मका, शेतात नुकत्याच सोडलेल्या स्लरीची, म्हणजे पातळ शेणखताची घाण आणि भोंग्यातून न थांबणारी जपमाळ. जरा दम खा की बाबा, असं मनात येत होतं आणि तोंडाने मीही तीच जपमाळ म्हणत होते.

टाचेला फोड आला, तेव्हा एका शेतकऱ्याच्या वाड्यापाशी टेकले. घर, गोठा, कोठार, अवजारांची पडवी, मधे अंगण. बाकावर यात्रेकरूंसाठी सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या. घरातली म्हातारी बाहेर आली, खाली बसली आणि सरळ माझा बूट ओढला. परक्या बाईच्या मांडीवर पाय. जीव नुसता संकोचला. तिने सुई तापवून फोडातून दोरा ओवला, दोरा तसाच ठेवला. आजी सासवडच्या मुक्कामात हेच करायची. वरून हरणाच्या चरबीचं मलम.

गाई केव्हाच विकल्या, म्हणाली. गोठ्यात ट्रॅक्टर, मका बायोगॅसला. जमीन मात्र अखंड. इकडे जुनी रीतच तशी, सगळं एकाच मुलाला, बाकीच्यांनी आपापलं बघायचं. धाकटा दीर डिंगोल्फिंगला बीएमडब्ल्यूत लागला. नाहीतर पूर्वी असे भाऊ थोरल्याकडेच गडी म्हणून राबत. तिची सासू लग्नाआधी मोलाने होती. २ फेब्रुवारीला, लिश्टमेसच्या सणाला, सालाचा हिशोब व्हायचा. पटलं नाही तर पेटी उचलून दुसरा वाडा.

आमच्याकडे सालगडी पाडव्याला बदलतात, मी म्हटलं.

"आणि जेवायला काय देतात?" तिने लगेच विचारलं. मला धड सांगता येईना.

मग मासिंग, मग आल्टोटिंग. चॅपलभोवती लोक खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन प्रदक्षिणा घालतात. तिथल्या ओवरीत नवसाच्या जुन्या तसबिरी, त्यांत आजारी गुरं, उधळलेले घोडे, उलटलेल्या गाड्या. मी वाकून एकेक बघत होते. मागच्याने कोपर मारलं. मीही मारलं.