आमची वाटचाल : मैला वळवायचा कुठे?

2011 साली ठाण्यात, नौपाड्यातल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघांनी परवानग्यांच्या कामाची ही फर्म सुरू केली. मी सिव्हिलचा, भागीदार पर्यावरणशास्त्राचा. ठेकेदारांच्या फायली जुळवायच्या: रस्ता खोदाईची परवानगी, वाहतूक शाखेचं ना हरकत, झाड आडवं आलं तर वृक्ष प्राधिकरण. पहिली काही वर्षं घर त्यावरच चाललं.

खरं काम शिकलो 2019 च्या उन्हाळ्यात, खाडीलगतच्या एका जुन्या काँक्रीटच्या मलवाहिनीवर. आत कॅमेरा सोडला तर वरची बाजू खडूसारखी भुसभुशीत. (मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचं पाइपच्या ओल्या माथ्यावर जिवाणू सल्फ्युरिक आम्ल करतात, पाइप वरून खाल्ला जातो.) रस्ता न खोदता आतून रेझिनचं अस्तर चढवायचं ठरलं. जुनीच लाइन, खोदकाम नाही, मग वेगळी परवानगी कशाला, असं मीच फायलीत लिहिलं. चूक माझी. टेप लावली तर एक चेंबर कांदळवनापासून 38 मीटरवर. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालाने कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा राखलेला आहे. दुरुस्ती बांधकामात मोडते का, याचा खुलासा येईपर्यंत काम थांबलं, तोवर पावसाळा लागला. आम्ही फी घेतली नाही.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. अस्तर पक्कं होईपर्यंत लाइन कोरडी हवी. मग वरून येणारा मैला जाणार कुठे? आराखड्यात एवढंच होतं : 'प्रवाह तात्पुरता वळवणे.' जागेवर त्याचा अर्थ शेजारचा नाला. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका काठावर उभे होते. म्हणाले, "साहेब, हे पाणी भरतीला खाली जाणार नाही, उलटं आमच्या दारात येणार." आणि ओहोटीला? ऐरोली पुलापलीकडे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 साली जाहीर झालेलं.

कोणत्या कामांना पर्यावरण मंजुरी लागते, याची यादी केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेत आहे; तीत मलवाहिनीची दुरुस्ती नाही. म्हणून हा प्रश्न आम्हाला कोणी विचारलाच नव्हता. माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा. तेव्हापासून प्रत्येक फायलीला आम्ही एक पान स्वतःहून जोडतो : मैला उचलून कोणत्या चेंबरमध्ये सोडणार, नळी किती लांब, राखीव पंप कोणता, वीज गेली तर जनरेटर कुठे, त्या दिवसांची भरती किती वाजता. सकाळी सहा ते दहा लाइन भरून वाहते, पंप त्या हिशेबानेच धरायचा. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, हेही त्याच पानावर. जो ठेकेदार या पानावर सही करत नाही, त्याची फाइल आम्ही घेत नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं त्यामुळे गेली.

आज आम्ही अकरा जण आहोत. गेल्या मार्चच्या कामात तीन रात्री पंप चालले. नाल्याच्या तोंडाशी आमचा एक मुलगा खुर्ची टाकून बसला होता, दर तासाला नोंद करत. पहाटे चारच्या रकान्यात त्याने लिहिलंय : 'नळीच्या जोडावर थेंब. क्लॅम्प आवळला. नाल्यात काही नाही.'