आमची वाटचाल : कारखाना बडोद्यात, कामाची वेळ तापीच्या पाण्यावर

आम्ही जड माल बांधतो. बडोद्याच्या आसपास तयार होणारे ट्रान्सफॉर्मर, रिअ‍ॅक्टर, मोठाल्या टाक्या इथून हजीरा किंवा दहेज या गुजरातच्या बंदरांत जातात आणि तिथे बार्जवर, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होडीवर, नाहीतर जहाजावर चढतात. पाण्यावर असेपर्यंत तो माल जागचा हलू नये, ही जबाबदारी आमची. वायर रोप (तारांचे दोर), साखळ्या, त्या आवळायचे टर्नबकल, माल सरकू नये म्हणून डेकवर वेल्ड केलेले स्टॉपर, मालाखाली लाकूड आणि रबर. या कामाला लॅशिंग म्हणतात.

आजोबा कलाभवनात लोहारकाम शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेने बडोद्यातल्या किती मराठी घरांच्या हाताला काम दिलं, हे वेगळं सांगायला नको. पुढे १९२६ मध्ये महाराजांनी ओखा बंदर उघडलं. बंदर आणि बडोदा हे नातं तेव्हापासूनचं आहे, असं आजोबा अभिमानाने सांगत.

धंदा मात्र बाबांचा. ऐंशीच्या दशकात ते मकरपुऱ्याच्या एका छोट्या शेडमध्ये क्रेनच्या वायर रोपची टोकं ओवून द्यायचे. एका ट्रान्सपोर्टवाल्यामुळे ते तापीच्या काठी, सुरतेजवळच्या मगदल्ला बंदरात पोहोचले. मोठी जहाजं नदीत शिरत नाहीत. ती बाहेर नांगर टाकतात आणि कोळसा बार्जमधून भरतीबरोबर आत येतो. सुरतेची ही अडचण जुनी आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली त्या काळातही मोठी गलबतं सुवाळीलाच थांबत, आणि सुवाळी आजच्या हजीऱ्याला लागूनच आहे.

मगदल्ल्याला बाबांना एक खारवा (दर्यावर्दी समाजातले) तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, भेटले. आम्ही भावंडं त्यांना तांडेलकाका म्हणायचो. बाबांना कोकणातला हिशोब ठाऊक होता : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. काका म्हणाले, ‘‘भाऊ, हा हिशोब मुंबईचा. आखातात जितके वर जाल तितकं पाणी उशिरा येतं.’’ खंभातचं आखात वर अरुंद आणि उथळ होत जातं, त्यामुळे पाणी उशिरा येतं आणि उंचही चढतं. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो.

हे पाणी सगळ्या वेळ सारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक असं ते येतं. फरक आठ मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांत बार्ज तासाला दोन मीटर वर उचललं जातं. आणि आमचा ट्रेलर धक्क्यावरून बार्जवर चढतो तो नेमका डेक आणि धक्का एका पातळीत असताना. ट्रेलरचा पहिला अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, डेकवर आला की बार्ज त्या टोकाला दबतं, लगेच बार्जच्या दुसऱ्या टोकाच्या टाकीत पाणी भरायचं. नंतरचा अ‍ॅक्सल, पुन्हा पंप. एक माणूस फक्त फूटपट्टी धरून फटीजवळ बसलेला असतो आणि त्याच्या आवाजाशिवाय कुणी काही बोलायचं नाही, हा बाबांचा नियम अजून चालतो.

नर्मदेच्या मुखाबद्दल पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे, की भडोचला यायचं तर राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या नावा घेऊन पुढे येत, भरती सुरू होताच जहाजं ओढून वर नेत, आणि ओहोटी लागली की नदीतल्या खोल डोहांत थांबत. आमच्या नवीन पोरांना मी हे आवर्जून सांगते. दोन हजार वर्षांपूर्वीही या पाण्यावर काम करायची पद्धत हीच होती.

बांधण्याच्या कामात मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट क्लॅम्पची आहे. वायरच्या फासाला क्लॅम्प लावताना सॅडल (क्लॅम्पचा खाचेचा भाग) भार घेणाऱ्या वायरवर आणि यू-बोल्ट (यू आकाराचा बोल्ट) मोकळ्या टोकावर आला पाहिजे. उलटा लावला तर यू-बोल्ट भाराचीच वायर चिरडतो, आणि दिसायला दोन्ही जवळपास सारखंच दिसतं. प्रत्येक क्लॅम्पला हात लावल्याशिवाय मी सही करत नाही. भार आला की वायर ताणते, म्हणून काही वेळाने सगळे नट पुन्हा आवळायचे.

हवामानाने आमची खरी परीक्षा मे २०२१ मध्ये घेतली. अक्षय्य तृतीयेला, १४ तारखेला, लक्षद्वीपच्या बाजूला वादळाची चाहूल लागली. दुसऱ्याच दिवशी एक ट्रान्सफॉर्मर बार्जवर चढवायचा होता. मी नकार दिला. या आखातात वारा नैर्ऋत्येचा आणि ओहोटी त्याच्या समोरून निघाली, की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि सपाट बुडाचं बार्ज त्यात फार हेलकावे खातं. ग्राहकाने खूप सुनावलं. ट्रान्सफॉर्मर यार्डातच चारही बाजूंनी बांधून ठेवला. तौक्ते १७ तारखेच्या रात्री उना-दीवजवळ किनाऱ्यावर आलं. नंतर पाहिलं तर ट्रान्सफॉर्मरवरच्या इम्पॅक्ट रेकॉर्डरमध्ये, म्हणजे बसलेले धक्के नोंदवणाऱ्या यंत्रात, एकाही धक्क्याची नोंद नव्हती. खोळंब्याचे पैसे मात्र आमच्या बिलातून कापले गेले. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी नकारच देईन.

आखाताचा तळही एका जागी राहत नाही. आखाताच्या दोन काठांना जोडणारी घोघा-दहेज फेरीबोट २०१७ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झाली, दहेजला गाळ साचत गेला आणि २०१९ मध्ये ती थांबली. पुढे २०२० च्या नोव्हेंबरात घोघा-हजीरा सुरू झाली, रस्त्याचे ३७० किलोमीटर समुद्राने ९० वर आले. आम्ही त्यावरून एवढं घेतलं, की गेल्या वर्षीची खोली गृहीत धरून यंदाचं काम घ्यायचं नाही.

पावसाळ्यात बार्जचं काम जवळजवळ थांबतं. तेव्हा शेडमध्ये साखळ्या तपासणं, वायर रोपला ग्रीस आणि नवीन मुलांना शिकवणं चालतं. आता दिवाळीनंतरच्या एका कामाची तारीख ठरते आहे. आम्हाला भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते अष्टमीच्या आसपासचे दिवस हवे आहेत, कारण पाणी सावकाश चढतं. बार्जवाल्याला उधाण हवं आहे, कारण भरलेलं बार्ज उथळ जागेवरून तेव्हाच सुटतं. सध्या बोलणं एकादशी-द्वादशीवर आलं आहे.