टाकीतलं तेल उतरत होतं, तरी एक्सचा स्क्रू कोरडाच

व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा जॉब यांच्या मापात एक्स दिशेला 25-30 मायक्रॉनचा फरक यायला लागला. दुपारी ऑफसेट (मापातली दुरुस्ती) द्यायचा, सकाळी काढायचा, असे आठ-दहा दिवस मी काढले. ल्युब पंपाचा (मशीनला तेल पुरवणाऱ्या पंपाचा) अलार्म नव्हता, गेजवर प्रेशर यायचं, टाकीतलं तेलही उतरायचं. मग तेलावर संशय घ्यायचा तरी कशाला?

खरी गोष्ट मोटरवरचा भार दाखवणाऱ्या लोड मीटरने दाखवली. त्याच फीडला (टेबल सरकायच्या वेगाला) एक्सचा लोड पूर्वी 20 टक्क्यांच्या आसपास असायचा, तो 35 वर गेला होता. बॉलस्क्रू, म्हणजे टेबल सरकवणारा आट्यांचा लांब दांडा, घासून तापत होता. पोलाद मीटरमागे दर अंशाला 11-12 मायक्रॉन वाढतं, म्हणजे अर्धा मीटर स्क्रू पाच अंशांनी तापला तरी माझे 30 मायक्रॉन तिथेच भरतात.

मेन स्विच बंद करून कुलूप घातलं आणि दोघांनी मिळून टेलिस्कोपिक कव्हर सरकवलं. स्क्रू लखलखत होता. पण नुसत्या चमकेवर जाऊ नये, कोरडा स्क्रूही चमकतोच. पांढरं कापड आट्यांतून फिरवलं. वाय दिशेच्या स्क्रूवर कापडाला स्वच्छ, पिवळसर तेल लागलं. एक्सवर मात्र कापड कोरडं, आणि वर तपकिरी-काळी रेघ.

स्क्रूवर फिरणाऱ्या नटाकडची तेलाची नळी सोडली. आमच्या पंपाला हाताने ओढायचा दांडा आहे, तो पाच-सहा वेळा ओढला. थेंबही नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या (पंपाचं तेल वेगवेगळ्या नळ्यांत वाटणाऱ्या ठोकळ्याच्या) टोकाला नळी सोडून पाहिलं, तिथेही तेच. त्या तोंडाचं कार्ट्रिज (तेल मोजून सोडणारा छोटा भाग) काढलं तर आत काळा, चिकट गाळ. बाकीची तोंडं चालू असल्यामुळे टाकीतलं तेल संपत राहिलं. प्रेशर स्विचला तर लाइनमधला दाब तेवढा कळतो. एक तोंड बुजलंय हे त्याला कळायचा प्रश्नच नाही.

गाळ आला कुठून? टाकीच्या तोंडातली जाळी मीच काढून ठेवली होती. 68 नंबरचं तेल तिच्यातून फार सावकाश उतरतं, म्हणून!

त्याच मापाचं कार्ट्रिज बसवलं. इथे मी आणखी एक चूक करणार होतो: नळी जोडून मशीन थेट चालू करायची. नळी दोन मीटर लांब, आतून अडीच मिलिमीटर, म्हणजे पोटात जवळपास 10 मिली तेल मावतं. कार्ट्रिज एका खेपेला 0.1 मिली देतं आणि पंप दर पंधरा मिनिटांनी चालतो. हिशोब केला तर शंभर खेपा, म्हणजे 25 तास नट कोरडाच फिरला असता. म्हणून नळीत सिरिंजने तेल भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत. (ग्रीस मारून मोकळं व्हायचा सल्लाही मिळाला होता. तेलावर चालणाऱ्या नटात ग्रीस गेलं की तेलाचीच वाट बुजते.) मग दांडा ओढून नटातून तेल बाहेर येताना पाहिलं, कव्हर लावलं आणि कमी फीडवर टेबल पूर्ण स्ट्रोक मागेपुढे चालवलं.

लोड 22 वर आला. डायल लावून बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रू-नटात राहणारी ढिलाई) पाहिला: पूर्वी 5 मायक्रॉन होता, आता 11. ती झीज तेलाने भरून यायची नाही. कंट्रोलमधलं कॉम्पेन्सेशन (ही ढिलाई भरून काढणारा आकडा) बदललं, आकडा तारखेसह मशीनच्या वहीत लिहिला आणि जाळी टाकीच्या तोंडात परत बसवली.